कुडा नेमका कोणता?

काष्ठौषधींच्या दुकानात कुड्याची साल मागितली, की दुकानदार पोत्यातून तपकिरी, वळलेले तुकडे काढतो आणि पुडी बांधून देतो. तुकडे कुड्याचे आहेत याबद्दल सहसा वाद नसतो. वाद असतो तो कोणत्या कुड्याचे, याबद्दल. सह्याद्रीत कुडा म्हणवून घेणारी निदान तीन झाडे आहेत: पांढरा, काळा आणि तांबडा. तिन्हींची पाने देठाशी समोरासमोर, तिन्हींचे पान खुडले की पांढरा चीक, तिन्हींना जोडीने येणाऱ्या लांब शेंगा. हगवणीवर ज्याचा गुण शतकानुशतके सांगितला गेला तो पांढरा कुडा. साल सोलून वाळवली की पान, फूल आणि फळ हे तिन्ही साक्षीदार रानातच राहतात, आणि पुडीत उरतो तो नुसता विश्वास.

रानातली झाडे ओळखण्याचा पश्चिम भारतातला इतिहास सांगायचा तर मोठमोठ्या ग्रंथकारांच्या यादीपेक्षा या कुड्याच्या मागून चालत जाणे अधिक फायद्याचे आहे. वैद्य, डच सेनानी, स्वीडनचा प्राध्यापक, मुंबईचा पोस्ट अधिकारी, पुण्याचा इंजिनीअर असे सगळे या वाटेवर भेटतात. भिवा नावाचा एक माणूसही भेटतो. त्याचे आडनाव पुस्तकात आलेले नाही.

सुरुवात चरकसंहितेपासून करावी लागते. सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात एक मोकळी कबुली आहे: औषधी वनस्पती नावाने आणि रूपाने ओळखतात ते शेळ्या-मेंढ्या राखणारे, गुराखी आणि रानात राहणारे इतर लोक. तेवढ्यावर वैद्य होता येत नाही, हे ग्रंथ लगेच पुढे बजावतो. पण ओळख कुणाकडून घ्यायची याबद्दल त्याच्या मनात संभ्रम नाही. कल्पस्थानात कुड्याची पाळी येते तेव्हा तर वर्णन थेट पान, फूल, फळ याच क्रमात मावेल असे आहे. कुड्याचे दोन प्रकार सांगितले आहेत. एक 'पुरुष': मोठे फळ, पांढरे फूल, गुळगुळीत पान. दुसरा 'स्त्री': सावळा, तांबूस फुलांचा, बारीक फळांचा. पहिला म्हणजे आपला पांढरा कुडा, हे बहुतेकांना मान्य आहे. दुसरा मात्र सहजासहजी हाती लागत नाही. अभ्यासक सहसा काळ्या कुड्याकडे बोट दाखवतात. काळ्या कुड्याची शेंग बारीक खरी, पण फूल पांढरेशुभ्र. फुलातली लाली शोधायची तर तांबड्या कुड्याकडे जावे लागते, आणि त्याची शेंग चांगली जाडजूड, खरखरीत असते. एका श्लोकात दोन झाडे मिसळली असावीत, असे म्हणायला जागा आहे. वनस्पतींच्या ग्रंथांत असे मिसळणे पुढेही होत राहिले.

सोळाव्या शतकात गोव्यात गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य राहत होता. 1534 मध्ये तो आला आणि अखेरपर्यंत इथेच राहिला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी वैद्य म्हणून त्याची ये-जा होती. 1563 मध्ये त्याने गोव्यातच छापलेला संवादरूपी ग्रंथ हिंदुस्थानातल्या औषधींवरचा युरोपीय भाषेतला पहिला मोठा ग्रंथ. ग्रीक आचार्यांनी काय लिहिले यापेक्षा आपण डोळ्यांनी काय पाहिले याला तो मोल देतो, आणि हे त्या काळात धाडसाचे होते. त्याच्या मृत्यूनंतर इन्क्विझिशनने त्याला गुप्त ज्यू ठरवून 1580 मध्ये त्याच्या अस्थी उकरून जाळल्या. ग्रंथ मात्र लॅटिन संक्षेपातून युरोपभर गेला. त्याची एक मोठी उणीव होती: मूळ ग्रंथात झाडांची चित्रे नव्हती. वाचकाने वर्णन वाचायचे आणि झाडाची कल्पना करायची.

ती उणीव शंभर वर्षांनी भरून निघाली, आणि तीही दणक्यात. मलबारचा डच सेनानी हेंड्रिक व्हान र्‍हेड याने कोचीनला बसून 'होर्टुस मलबारिकुस' हा ग्रंथ उभा केला. 1678 ते 1693 या काळात ॲम्स्टरडॅमला त्याचे बारा खंड निघाले. सातशेहून अधिक वनस्पती आणि त्यांची भली मोठी ताम्रपट-चित्रे. फांदी, पान, कळी, उमललेले फूल, कापून उघडलेले फळ, सुटे बी असे सारे एकाच पानावर. ज्याला झाड प्रत्यक्ष कधी दिसणार नाही त्यालाही ते ओळखता यावे, ही त्यामागची दृष्टी.

या ग्रंथाचे खरे भांडवल मात्र व्हान र्‍हेडचे नव्हते. इट्टी अच्युतन हे एळवा समाजातले वैद्य आपल्या घराण्याचे ज्ञान सांगत होते. त्यांच्या जोडीला तीन कोकणी वैद्य होते: रंगभट, विनायक पंडित आणि आपुभट. त्यांचे पूर्वज गोव्याहून दक्षिणेकडे गेलेले. या तिघांनी 1675 मध्ये दिलेले प्रमाणपत्र ग्रंथात छापले आहे; भाषा कोकणी आणि लिपी नागरी. कित्येक चित्रांवर झाडाचे नाव मल्याळी आणि अरबी अक्षरांबरोबर नागरीतही कोरलेले आहे. सतराव्या शतकातल्या डच छापखान्यातून आलेल्या पानावर नागरी अक्षरे दिसली की मराठी वाचकाला आपला कुणी ओळखीचा भेटल्यासारखे वाटते. माहिती सांगणाऱ्यांची नावे नोंदवण्याची ही रीत पुढच्या ग्रंथकारांनी पाळली असती तर बरे झाले असते.

त्या ग्रंथाच्या पहिल्याच खंडात 'कोडगपाला' या मल्याळी नावाने कुडा आहे. इथून घोळ सुरू होतो.

स्वीडनचा प्राध्यापक कार्ल लिनियस याने 1753 मध्ये जगातल्या त्याला ठाऊक असलेल्या सगळ्या वनस्पतींची दोन शब्दी नावांनी यादी केली. त्याची वर्गवारी सोपी होती: फूल घ्या, पुंकेसर मोजा. एक असला तर एक वर्ग, दोन असले तर दुसरा. या पद्धतीने हौशी माणसालाही अर्ध्या तासात झाड कुठे बसवायचे ते कळे, म्हणून ती लोकप्रिय झाली. पण पाच पुंकेसर असलेल्या वर्गात कण्हेर, धोतरा, तंबाखू आणि कॉफी एकाच बाकावर बसली. पान आणि फळ यांचा आवाजच दाबला गेला. लिनियसने कुड्याला कण्हेरीच्या प्रजातीत घातले आणि नाव दिले 'नेरियम अँटिडिसेंटेरिकम'. म्हणजे हगवण थांबवणारी कण्हेर. त्याच्यासमोर असलेला नमुना सिलोनचा होता. त्याने सोबत संदर्भ दिला मलबारच्या कोडगपालाचा. दोन्ही वेगवेगळी झाडे! सिलोनच्या झाडाला त्याच्याकडे नसलेल्या गुणाचे नाव मिळाले आणि खऱ्या औषधी कुड्याची ओळख त्या नावाखाली गाडली गेली. सिलोनचे ते झाड आज शोभेसाठी रोपवाटिकांत विकले जाते. शास्त्रीय नाव अजूनही 'राईटिया अँटिडिसेंटेरिका' असेच आहे.

1810 च्या सुमारास रॉबर्ट ब्राउन या स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने भिंग लावून ही गाठ सोडवली. त्याने दोन प्रजाती वेगळ्या केल्या: राईटिया आणि होलॅरेना. काळा आणि तांबडा कुडा राईटियात गेले, पांढरा कुडा होलॅरेनात. ब्राउनने ज्या खुणा धरल्या त्या आजही कुणालाही रानात पडताळता येतात. पांढऱ्या कुड्याच्या फुलाला खाली बारीक नळी असते आणि परागकोश त्या नळीत दडलेले असतात. वरून पाहिले तर मधे नुसते बारीक भोक दिसते. काळ्या कुड्याच्या फुलात परागकोश एकमेकांना चिकटून मधोमध टोकदार सुळक्यासारखे बाहेर आलेले असतात, आणि त्यांच्याभोवती कातरलेल्या झालरीसारखे पापुद्रे. फुले गेल्यावर शेंगा बोलू लागतात. पांढऱ्याची जोडी पहिल्यापासून मोकळी, दोन बाजूंना लोंबणारी. काळ्याची जोडी बराच काळ टोकाशी जुळलेली, त्यामुळे झाडावर लांबट कमानी टांगल्यासारख्या दिसतात. शेंग उकलली तर बियांवर रेशमी केसांचा झुबका असतो. पांढऱ्यात तो बीच्या वरच्या टोकाला, काळ्यात खालच्या. पानांतही फरक आहे. पांढऱ्याचे पान मोठे आणि ठळक शिरांचे, काळ्याचे अरुंद, लांब टोकाचे आणि वाळले की निळसर-काळे पडणारे. याच पानांपासून नीळ निघते हे विल्यम रॉक्सबर्गने अठराव्या शतकाच्या अखेरीस करून पाहिले होते.

बाजारात हे सगळे कुणी बघत नव्हते. कुड्याची साल 'कोनेसी बार्क' या नावाने युरोपात जात होती आणि तिथे तिचे नाव हळूहळू बिघडले. कारण साधे: पांढऱ्यात काळ्याची साल मिसळली जाई आणि औषध लागू पडत नसे. मुंबईत 1858 मध्ये डॉ. हेन्स यांनी सालीतून अल्कलॉइड वेगळे केले. त्याला पुढे कोनेसीन म्हटले जाऊ लागले. मुंबईच्याच विल्यम डायमॉक यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पश्चिम हिंदुस्थानातल्या औषधी द्रव्यांवर लिहिताना बाजारातला माल कसा तपासायचा यावर बरीच पाने खर्ची घातली. आपल्या गावगाड्यात मात्र बियांचा भेद जुनाच होता. 'कडू इंद्रजव' म्हणजे पांढऱ्या कुड्याचे बी, 'गोड इंद्रजव' म्हणजे काळ्याचे. चार दाणे चावून बघणे ही परीक्षा कोणत्याही भिंगापेक्षा स्वस्त होती.

मुंबई इलाख्यातली झाडे पद्धतशीर नोंदवण्याचे काम एकोणिसाव्या शतकात सुरू झाले ते हौशी सरकारी नोकरांकडून. जॉन ग्रॅहम हा मुंबईचा डेप्युटी पोस्टमास्टर जनरल. त्याने मुंबई आणि आसपासच्या वनस्पतींची यादी करायला घेतली, देशी नावांसकट. 1839 मध्ये पुस्तक छापून पूर्ण होण्यापूर्वीच तो खंडाळ्याला वारला आणि उरलेला भाग जोसेफ निम्मो याने पुरा केला. त्याच सुमारास पुण्याजवळ दापोडीच्या सरकारी बागेवर अलेक्झांडर गिब्सन हा डॉक्टर होता. 1847 मध्ये तो इलाख्याचा पहिला जंगल संरक्षक झाला. त्याच्यासाठी एका देशी चित्रकाराने 1847 ते 1850 या काळात सुमारे 170 वनस्पतींची जलरंगातली चित्रे काढली. ती आज एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात आहेत. पानाची एकेक शीर दिसावी इतकी नीट. चित्रकाराचे नाव मात्र इतिहासाला माहीत नाही. रंगभट-आपुभटांची नावे छापणारा काळ मागे पडला होता.

गिब्सन आणि निकोलस डॅलझेल यांनी मिळून 1861 मध्ये 'बॉम्बे फ्लोरा' काढला. डॅलझेलची नजर तीक्ष्ण होती. 1865 मध्ये त्याने जुन्नरकडच्या डोंगरकड्यावरच्या एका बुटक्या, मांसल झाडाचे वर्णन छापले आणि मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्यावरून त्याला 'फ्रेरिया इंडिका' नाव दिले. मराठीत ती शिंदळ माकडी. तिची ओळख पटवणे हा मजेशीर पेच आहे. तिचे सगेसोयरे म्हणजे माकडशिंग वगैरे झाडे बिनपानांची, नुसत्या हिरव्या कोनदार दांड्यांची. हिला मात्र पावसाळ्यात चांगली जाड पाने येतात. पान पाहून निर्णय केला असता तर ती भलत्याच कुळात गेली असती. किरमिजी तांबड्या, पिवळे ठिपके असलेल्या पाचकोनी फुलाने आणि शिंगांसारख्या जोडशेंगांनी तिचे घर दाखवून दिले. अलीकडच्या वर्गवारीत तिचे आणि कुड्याचे कुळ एकच मानले जाते. जोडशेंगा आणि बियांवरचा केसांचा झुबका दोघांकडे आहे, हे पाहिल्यावर त्यात नवल उरत नाही.

मग येतात थिओडोर कुक. आयर्लंडहून रेल्वे बांधायला आलेला हा इंजिनीअर पुढे पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचा, म्हणजे आजच्या अभियांत्रिकी कॉलेजचा प्राचार्य झाला. पूल बांधणाऱ्या माणसाला गवताच्या कुसळांत रस का वाटावा याचे उत्तर त्यांच्या पुस्तकाच्या बांधणीतच सापडते. त्यांनी पुण्यात वाळवलेल्या नमुन्यांचा संग्रह उभा केला, निवृत्तीनंतर लंडनजवळच्या क्यू उद्यानात बसून 1901 ते 1908 या काळात 'फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे' लिहिला. पश्चिम भारतातल्या वनस्पती ओळखायला निघालेला माणूस शंभर वर्षांनंतरही या पुस्तकापाशी येऊन थांबतो. त्याची गुरुकिल्ली दोन-दोन पर्यायांची आहे: पाने समोरासमोर की एकाआड एक? परागकोश बाहेर की आत? शेंग जुळलेली की मोकळी? दर पायरीला एक वाट धरायची, दुसरी सोडायची. ही युक्ती लामार्क या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने 1778 मध्ये फ्रान्सच्या वनस्पतींसाठी योजली होती. तिचा गुण असा की ती कुठल्याच एका अवयवाची मिरासदारी मानत नाही. तिचा दोषही तिथेच आहे. हातात फक्त फांदी असेल आणि किल्लीने फळ विचारले, तर तुम्ही तिथेच अडकता.

कुकच्या पुस्तकात प्रत्येक जातीखाली ती कुठे मिळाली, कुणाला मिळाली ते दिले आहे आणि संग्राहकाच्या नावापुढे पुष्कळदा एक उद्गारचिन्ह असते. ते आश्चर्याचे नसते. 'हा नमुना मी स्वतः पाहिला आहे' असा त्याचा अर्थ. त्या चिन्हांच्या मागे नावे चाळत गेले की स्टॉक्स, वुड्रो यांच्याबरोबर कानिटकर, रानडे आणि भिवा भेटतात. कानिटकर-रानडे निदान शिकलेले, आडनावानिशी नोंदलेले. भिवा हा नुसता भिवा. डोंगर चढून झाड शोधणारा, फुलाच्या दिवसांत फूल आणि फळाच्या दिवसांत फळ आणून देणारा हा माणूस. गुराखी आणि वनवासी रूप ओळखतात असे चरकाने म्हटले होते. कुकच्या पुस्तकात त्या ओळखीला एका नावाचा आणि एका उद्गारचिन्हाचा मान मिळाला. इलाख्याच्या शेतीखात्यात पुढे काम केलेल्या रा. कृ. भिडे यांच्या वाट्याला थोडे अधिक आले: गवताच्या एका प्रजातीचे शास्त्रीय नाव 'भिडिया' आहे.

नमुना करण्याचे काम दिसते तितके साधे नाही. फांदी कागदांत दाबायची, टीपकागद रोज बदलायचे, पूर्ण वाळली की जाड कागदावर चिकटवून कोपऱ्यात ठिकाण, तारीख आणि संग्राहकाचे नाव लिहायचे. सह्याद्रीतली बहुतेक रानफुले फुलतात ऐन पावसात, आणि त्याच दिवसांत काहीही वाळत नाही. टीपकागदालाच बुरशी चढते. वाळल्यावर फुलांचे रंग उडतात, म्हणून रंग जागच्या जागी लिहून ठेवावा लागतो. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातले फादर एथेलबर्ट ब्लॅटर आणि त्यांच्यानंतर फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव यांनी हा खटाटोप अनेक वर्षे केला. सांतापाव यांचा 'फ्लोरा ऑफ खंडाळा' 1953 मध्ये आला. एका लहानशा घाटमाथ्यावरचे झाड न् झाड, कोणत्या महिन्यात फुलते, कोणत्या महिन्यात फळते, हे त्यात आहे. एका जागी वारंवार जाण्याला पर्याय नाही, हे त्या पुस्तकाइतके स्पष्ट कुठलेच पुस्तक दाखवत नाही.

मराठीत हे ज्ञान आले ते मुख्यतः वैद्यकाच्या वाटेने. शंकर दाजीशास्त्री पदे यांचा 'वनौषधि गुणादर्श' आणि डॉ. वामन गणेश देसाई यांचा 1927 चा 'औषधीसंग्रह' ही त्यातली ठळक नावे. पण रानात हातात धरून झाड ओळखावे अशी सोपी, सचित्र पुस्तके यायला विसाव्या शतकाचा शेवट उजाडला. पुण्याचे श्रीकांत इंगळहळीकर यांची 'फ्लॉवर्स ऑफ सह्याद्री' ही मार्गदर्शिका इंग्रजीत असली तरी ट्रेकला जाणाऱ्या मराठी मुलांच्या पाठपिशवीत ती जाऊन बसली. तेही इंजिनीअरच, हा योगायोग कुकला आवडला असता. या मार्गदर्शिकेत फुलांचे गट रंगानुसार पाडलेले आहेत. शास्त्राच्या दृष्टीने रंग ही कच्ची खूण, पण नवशिक्याला सगळ्यात आधी दिसतो तो रंगच.

काही झाडे या सगळ्या पद्धतींना चकवा देतात. शेवळ घ्या. पहिल्या पावसात जमिनीतून नुसता फुलोरा वर येतो, पानाचा पत्ता नसतो. फुलोरा गेल्यावर मागाहून एकटे पान उगवते. पान आणि फूल एकाच वेळी पाहण्याची सोय निसर्गाने ठेवलेलीच नाही. तरी ठाणे-पालघरच्या बाजारांत शेवळाच्या जुड्या विकणाऱ्या आदिवासी बायका कधी चुकत नाहीत, आणि घशाला खाज सुटू नये म्हणून जुडीबरोबर काकडाची आंबट फळेही हातात देतात. कारवीचे तर आणखी कठीण. सात वर्षे ती नुसती पाने आणि काठ्या. आठव्या पावसाळ्यात जांभळे रान. घराच्या कुडासाठी तिच्या काठ्या तोडणारे ठाकर आणि महादेव कोळी तिला पानांवरून, खोडावरून, उभ्या राहण्याच्या ढबीवरून ओळखतात. हे पुस्तकाच्या किल्लीत बसत नाही, म्हणून ते कमी पक्के ठरत नाही.

कुड्याचे आज काय? त्याचे सध्या मान्य असलेले शास्त्रीय नाव 'होलॅरेना प्युबेसेन्स'. आयुर्वेदिक औषधकोशात मात्र 'होलॅरेना अँटिडिसेंटेरिका' हे जुने नाव अजून चालू आहे, आणि बाजारातली भेसळही. पुण्यात कोरेगाव रस्त्यावर भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र आहे. तिथल्या संग्रहात तुलनेसाठी नमुने मिळतात. उन्हाळ्यात एखाद्या घाटात पांढऱ्या फुलांनी भरलेला कुडा दिसला, तर साल ओरबाडू नये. पानाची दोन्ही अंगे, फुलाचा वरून आणि बाजूने असे फोटो घ्यावेत, जागा लिहून ठेवावी आणि हिवाळ्यात शेंगांसाठी त्याच झाडापाशी पुन्हा जावे. झाड कुणी गुराख्याने दाखवले असेल, तर नोंदीत त्याचे नावही लिहावे, आडनावासकट.